कडकनाथ, झाबुआ आणि माझ्या सहीची एक फाईल



गेल्या रविवारी शेतावर नातीनं विचारलं, "आबा, कोंबडी अंगभर काळी, मग अंडं बदामी कसं?" मला हसू आलं. हाच प्रश्न ४४ वर्षांपूर्वी मी एका भिल्ल बाईला विचारला होता. तिची गोष्ट घरातसुद्धा कधी पुरती सांगितली नाही. आज लिहून टाकतो.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत झाबुआचं नाव निघायचं ते बदलीच्या निमित्तानं. झाबुआ हे राठोडांचं वेगळं संस्थान. पण थांदला आणि पेटलावद या परगण्यांवर झाबुआ आणि होळकर दोघांचा सामायिक अंमल होता. १८७१ मध्ये वाटणी झाली, थांदला झाबुआकडे राहिलं आणि पेटलावद होळकरांकडे आलं. आमचे आजोबा होळकरांच्या महसूल खात्यात कारकून, त्यामुळे काही वर्षं पेटलावदला होते. आजी त्या बदलीला काळं पाणी म्हणायची. "तिथे कोंबडीसुद्धा आतून काळी असते रे," असं सांगायची. आम्हा पोरांना ती भुताची गोष्ट वाटायची.

१९८१ मध्ये बँकेनं मलाच तिकडे पाठवलं. वय ३१, बी.कॉम., हिशेबात पक्का, बाकी जगाची माहिती शून्य. आदल्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९८० पासून, एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सगळ्या विकासखंडांत लागू झाला होता. आदिवासी कुटुंबाला ५० टक्के अनुदान, बाकीचं बँकेचं कर्ज. वरून टार्गेट यायचं: इतक्या म्हशी, इतक्या शेळ्या, इतकी कोंबड्यांची युनिटं.

भिलांच्या फलियात घरं एकमेकांना चिकटून नसतात. एका टेकाडावर एक घर, दुसरं पार पलीकडे. अशाच एका घरी जीपनं पोचलो. बाईच्या अंगणात सहा-सात काळ्या कोंबड्या आणि एक कोंबडा. चोच, पाय, नख्या काळ्या, तुरा जांभळट. आजीची गोष्ट खरीच होती म्हणायची! तिथले लोक त्याला कालामासी म्हणत, म्हणजे काळ्या मांसाचा. देवीला मान याचा, आजाऱ्याला रस्सा याचा, आणि अडीनडीला हाटात विकायचा तोही हाच.

त्यात दोन साध्या तांबड्या गावठी कोंबड्याही होत्या. मी विचारलं, या कशाला? बाई म्हणाली, "साब, काळी अंडं देते पण बसत नाही. तांबडी बसते." कडकनाथ सहसा खुडूक होत नाही, झाली तरी नीट टिकून बसत नाही. म्हणून तिची अंडी दुसरीखाली ठेवायची, २१ दिवसांनी पिलं. ही सगळी व्यवस्था त्या बाईच्या डोक्यात होती. माझ्या छापील फॉर्ममध्ये तिला रकाना नव्हता.

तिला कर्ज हवं होतं ते खुराड्याला पक्कं छप्पर आणि जाळीसाठी, आणि आणखी काही काळ्या तलंगांसाठी. मी सांगितलं, योजनेत ही जात नाही. कागदावर हिशेब सरळ होता. कडकनाथ वर्षाला ८० ते १०० अंडी देणार, पांढरी लेगहॉर्न त्याच्या दुपटीहून जास्त. मी ५० पांढऱ्या कोंबड्यांचं युनिट मंजूर केलं. "या काळ्या आता काढून टाका, जागा लागेल," हेही मीच सांगितलं. सही माझी.

त्या पांढऱ्या कोंबड्यांना पोत्यातलं खाद्य लागायचं, ते दाहोदहून यायचं, नाहीतर यायचंच नाही. उघड्या माळावर पांढरा पक्षी घारीला लांबून दिसतो. उरलेल्या पावसाळ्यात मानमोडीनं गेल्या. लसीची थंड पेटी त्या फलियापर्यंत पोचणार कशी, हा प्रश्न मंजुरी देताना मला पडलाच नव्हता. हप्ते मात्र वेळेवर सुरू झाले. बाईनं कमरेची चांदी सावकाराकडे ठेवून ते भरले. माझ्या रजिस्टरमध्ये खातं 'नियमित' म्हणून बंद झालं. वरिष्ठांनी शाबासकी दिली आणि १९८४ मध्ये मी बदलून इंदूरला आलो.

२०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. मजा बघा, मानांकन मांसाला आहे, नावच आहे 'झाबुआ कडकनाथ काळ्या कोंबडीचं मांस'. छत्तीसगडच्या दंतेवाड्यानंही हक्क सांगितला होता. बातमी वाचली आणि राहवेना. तिकडे गेलो. बाई वारलेली. मुलगा गुजरातेत मजुरीला जाऊन-येऊन असतो, तो नेमका घरी होता. अंगणात काळ्या कोंबड्या!

त्यानं सांगितलं, तेव्हा आईनं काळ्या विकल्या, पण दोन कोंबड्या नि एक कोंबडा मावशीच्या घरी ठेवले होते. पांढऱ्या मेल्यावर तिथूनच वाण परत आणला. मावशीकडचा गेला तर आमच्याकडून तिच्याकडे जायचा, असं चालूच असतं म्हणाला. मंडळी, ही जात टिकली ती अशी, बहिणी-बहिणींच्या अंगणातून.

मी कोण, हे त्याला सांगितलं नाही. हिंमत झाली नाही. एक कोंबडा नि चार तलंगा विकत घेऊन आलो.

त्या धार रोडला जावयाच्या शेतावर आहेत. आमची सौ. शाकाहारी, ती लांबूनच दाणे टाकते. थोडं शिकलो ते सांगतो. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटाचे थेंब चुकवू नका, देशी आहे म्हणून मानमोडी सोडत नाही. कोंबडा अधूनमधून दुसऱ्या घरचा आणा, नाहीतर नात्यातच वीण होऊन वाण खचतो. आणि घेताना नुसती पिसं बघू नका, संकराची पिलंही काळपट निघतात. चोच उघडून जीभ बघा. रक्त काळं असतं ही थाप आहे, ते लालच असतं. काळेपणा मेलॅनिनचा. कातडी, मांस, हाडांवरचं आवरण यांत तो उतरतो, अंड्याच्या कवचात नाही. नातीला हेच उत्तर दिलं.

२०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात याच पक्ष्याच्या नावानं हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. आमच्या नात्यातले एक जणही त्यात होते. 'युनिट घ्या, अंडी-पिलं आम्ही विकत घेऊ', भाषा तीच. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. युनिट हा शब्द मीही वापरला होता.

येत्या भगोरियाच्या सुमारास परत जाणार आहे. या वेळी त्या मुलाला फाईलवर कोणाची सही होती ते सांगायचं ठरवलंय. बघू.

आपल्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा पेटलावद-थांदल्याकडे नोकरीला होते का? त्यांच्या तोंडून या काळ्या कोंबडीचं काही ऐकलं असेल तर जरूर लिहा.