बुद्धिवर्धक पूरके

स्मरणशक्ती, एकाग्रता किंवा विचारांचा वेग वाढावा म्हणून घेतली जाणारी औषधी वनस्पती, सिरप, गोळ्या वा पोषकद्रव्ये. जालना जिल्ह्यातल्या घरांत बाळगुटीतले वेखंड, परीक्षेच्या दिवसांत आणलेले ब्राह्मी-शंखपुष्पीचे सिरप आणि शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी, ही सगळी याच वर्गात येतात. त्यांच्यामागचा पुरावा मात्र सारखा नाही.

यांतल्या वनस्पतींपैकी जलब्राह्मीचा अभ्यास बराच झाला आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात निरोगी प्रौढांना रोज 300 मिलिग्रॅम अर्क दिला गेला. शिकण्याच्या वेगात सुधारणा दिसली ती 12 आठवड्यांनी. परीक्षा पंधरा दिवसांवर आल्यावर आणलेल्या बाटलीकडून तेवढी अपेक्षा धरणे चुकीचे ठरते. मळमळ, पोटात मुरडा, वारंवार शौच हे तिचे नेहमीचे दुष्परिणाम. बाजारात ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णीही मिळते. ती वेगळी वनस्पती आहे आणि जलब्राह्मीवरचे प्रयोग तिला लागू होत नाहीत.

बोबडे बोल सुटावेत, बुद्धी तल्लख व्हावी म्हणून तान्ह्याला वेखंड उगाळून चाटवतात. त्यातील बीटा-असारोन या घटकाने उंदरांना कर्करोग झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यावर बंदी घातली. तान्ह्या मुलांसाठी सुरक्षित मात्रा ठरलेली नसताना हा प्रघात सोडून देणेच योग्य.

जड धातूंचा धोका त्याहून गंभीर. 2008 मध्ये अमेरिकी संशोधकांनी इंटरनेटवरून मागवलेली 193 आयुर्वेदिक उत्पादने तपासली. सुमारे 21 टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिशाने मुलांची बुद्धी कायमची खुंटते. म्हणूनच परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि घटकांची यादी नसलेली पुडी मुलाला देऊ नये.

मराठवाड्यासाठी सर्वांत मोलाचा पुरावा औषधाच्या दुकानातला नाही, तो बाजरीतला आहे. 2012 मध्ये महाराष्ट्रात ‘धनशक्ती’ हा लोहसमृद्ध बाजरीचा वाण आला. लोहसमृद्ध बाजरीची भाकरी आणि शेव राज्यातील 12 ते 16 वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने देऊन साध्या बाजरीशी तुलना झाली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लोहसमृद्ध बाजरी खाणाऱ्यांचे लक्ष आणि स्मरण अधिक सुधारले. मेंदूच्या पेशींना ऊर्जा आणि डोपामिनसारखी संदेशवाहक रसायने तयार करायला लोह लागते. ते कमी पडले की वर्गात बसलेले मूल थकलेले, विसराळू दिसते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानेही एएचबी 1200 आणि एएचबी 1269 हे लोहसमृद्ध संकरित वाण दिले आहेत. जालन्यासारख्या बाजरी पिकवणाऱ्या, बियाण्यांच्या व्यापारावर उभ्या जिल्ह्यात हे बियाणे शेतापर्यंत पोचवणे अवघड नसावे.

शाळांतील साप्ताहिक निळ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ती जेवणानंतर घ्यावी. चहासोबत घेतल्यास लोह कमी शोषले जाते. ज्याच्या शरीरात लोह पुरेसे आहे, त्याची बुद्धी जास्तीच्या लोहाने वाढत नाही. थॅलेसेमियाच्या रुग्णांत, विशेषतः वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्यांत, ते यकृत आणि हृदयात साठते. लहान मुलाने या गोळ्या मूठभर गिळल्या तर विषबाधेने जीव जाऊ शकतो. अशा वेळी उलटीची वाट न पाहता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.