साडेसहाशे रुपयांचा बटाटा: महाबळेश्वरच्या ताटाची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग जेवताना ऐकणार असाल तर उत्तमच, कारण आज आपण जेवणाबद्दलच बोलणार आहोत. पण रेसिपी नाही हं. इतिहास.

तर झालं असं. जानेवारीत मी आईला घेऊन महाबळेश्वरला गेले होते. आईचं माहेर त्याच तालुक्यातलं, क्षेत्र महाबळेश्वरच्या बाजूचं एक छोटं गाव. लहानपणी दर सुट्टीत आम्ही तिथं जायचो, पण बाजारपेठेतल्या मोठ्या हॉटेलात कधी पाय ठेवला नव्हता. या वेळी माझ्याकडे बोनसचे पैसे होते. म्हटलं, आईला एकदा झक्कास जेवायला घालू. दरीकाठी एक नवीन रेस्टॉरंट आहे. लाकडी टेबलं, पिवळे मंद दिवे, मातीची भांडी आणि मेनूच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात: 'फार्म टू टेबल. थेट आमच्या शेतातून तुमच्या ताटात.'

आईनं मेनू लांब धरून वाचला. नाचणीचे कुरकुरीत पापुद्रे, वर लोणी. धुरावलेला बटाटा, साडेसहाशे रुपये. स्ट्रॉबेरी आणि हिरव्या पानांचं सॅलड. मग चष्मा काढून तिनं वेटरला विचारलं, "शेत कोणाचं रे बाळा?"

तो पोरगा हसला. "विचारून सांगतो काकू," म्हणाला आणि गेला.

तो येईपर्यंत मी तुम्हाला या प्रश्नाचं दुसरं उत्तर सांगते. हे उत्तर जवळजवळ १९० वर्षं जुनं आहे.

आधी हे गाव वसलं कसं ते बघू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. साताऱ्याच्या गादीवर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना बसवलं. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा एक लष्करी अधिकारी या डोंगरावर चढून आला. त्याच्या नावाचा पॉइंट तुम्ही पाहिला असेल, सेल्फीही काढला असेल. पुढे १८२७ मध्ये सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याला आजारी गोऱ्या सैनिकांसाठी थंड हवेची जागा हवी होती. साधारण साडेचार हजार फूट उंची, उन्हाळ्यातही गार वारा, म्हणजे जागा एक नंबर. पण जागा होती साताऱ्याच्या महाराजांची. मग १८२९ मध्ये अदलाबदल झाली. इंग्रजांनी वाईजवळचं खंडाळा गाव दिलं आणि हा डोंगरमाथा घेतला. नव्या वस्तीचं नाव पडलं माल्कम पेठ.

आता जरा विचार करा. डोंगरावर बंगले उभे राहिले. दर उन्हाळ्यात गव्हर्नर येणार, त्याच्यामागे अधिकारी, मडमा, मुलं, नोकरचाकर. एवढी सगळी माणसं खाणार काय? त्यांना पाहिजे बटाटा, कोबी, गाजर, सॅलडची पानं. डोंगरावर पिकायचं काय, तर नाचणी, वरई, सावा. खालून भाजी आणायची तर घाट. ना मोटार, ना बर्फ. बैलाच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर. वर येईपर्यंत पानांचं काय होणार ते सांगायला नकोच.

म्हणजे भाजी इथंच पिकवायला हवी होती. ती पिकवली कोणी?

सातारा जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर उघडलं की उत्तर सापडतं. ती भाजी पिकवली कैद्यांनी. आणि हे कैदी साताऱ्याचे नव्हते, मुंबईचेही नव्हते. ते चिनी आणि मलाय होते.

हो, बरोबर ऐकलंत. महाबळेश्वरात चिनी कैदी!

हे कसं काय, तर त्या काळी पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर ही बंदरं ईस्ट इंडिया कंपनीच्याच ताब्यात होती. कंपनीचा हिशोब सरळ होता. कैद्याला त्याच्या घरापासून समुद्रापार नेऊन टाकायचं. पळून जाणार कुठं? भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही. शिवाय फुकटात मजूर मिळतो. म्हणून हिंदुस्थानातले कैदी सिंगापूरला गेले. तिथलं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल आजही पर्यटक बघायला जातात, ते हिंदुस्थानी कैद्यांच्या हातांनी बांधलंय. आणि तिकडचे कैदी इकडे आले. त्यातले काही आपल्या या डोंगरावर पोचले.

१८३० च्या दशकात त्यांच्यासाठी इथं तुरुंग उभा राहिला. शंभराच्या वर कैदी. त्यांच्याकडून रस्त्यांची कामं करून घेतली. आज आपण ज्या वळणांवर गाडी थांबवून कणीस खातो, त्या गावाचे सुरुवातीचे रस्ते करणाऱ्यांत हे हात होते. आणि त्यांनी बागा केल्या. विलायती भाज्या लावल्या, मुख्य म्हणजे बटाटा. टोपल्याही विणल्या.

बटाटा आपल्याकडे आला पोर्तुगीजांबरोबर. 'बटाटा' हा शब्दसुद्धा त्यांचाच. पण या डोंगरावर त्याची नीट लागवड करणाऱ्यांत हे कैदी पहिले. आणि तो इतका उतरला की पुढे महाबळेश्वरच्या बटाट्याला मुंबई-पुण्याच्या बाजारात नाव मिळालं.

मला इथं एक गोष्ट फार गमतीची वाटते. पुढे १८६० च्या दशकात सरकारनं लिंगमळ्याला सिंकोनाची लागवड केली. सिंकोना म्हणजे ज्याच्या सालीपासून हिवतापावरचं क्विनाइन बनतं ते झाड. सरकारी प्रयोग, सरकारी पैसा, वर देखरेखीला साहेब. पण महाबळेश्वरचा पाऊस माहितीये ना? वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सिंकोना काही तगला नाही. साहेबाचं झाड गेलं आणि कैद्याचा बटाटा टिकला.

१८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. काही जणांना सुटकेचे परवाने मिळाले. पण जाणार कुठं? आयुष्य इथंच गेलेलं. त्यातले काही इथंच राहिले आणि भाजीच्या बागा करत राहिले. गावाच्या दक्षिणेला, कोयनेच्या खोऱ्याकडे एक धबधबा आहे. त्याच्या माथ्यावर त्यांच्या बागा होत्या, म्हणून त्याचं नाव पडलं चायनामन फॉल. आजही टॅक्सीवाले पावसाळ्यात तो दाखवतात. 'चायनामन' का, असं विचारणारं गिऱ्हाईक मात्र विरळा.

आणि बघा, गव्हर्नरांची नावं आपल्याला पाठ आहेत. माल्कम, एल्फिन्स्टन, फॉकलंड, सगळ्यांचे पॉइंट आहेत. या माळ्यांचा उल्लेख गॅझेटियरमध्ये येतो तो 'चिनी कैदी' असाच. धबधब्यालाही माणसाचं नाव नाही, फक्त जातकुळी.

आता नाचणीकडे येऊ. त्या पापुद्र्यांवर आईचा फार राग होता. "पाचशे रुपये? नाचणीला?" असं तिनं दोनदा विचारलं.

नाचणी, वरई हे इथल्या कुणबी, कोळी, धनगर घरांचं रोजचं अन्न. उतारावर शेती करायची पद्धत अशी: झाडांच्या फांद्या तोडायच्या, पालापाचोळा आणि शेणाबरोबर जमिनीवर पसरायच्या आणि पावसाआधी जाळायच्या. याला म्हणतात राब. त्या राखेत रोप जोमानं येतं. काही ठिकाणी जंगलाचा तुकडा साफ करून, जाळून दोन-तीन वर्षं पीक घ्यायचे आणि मग तो तुकडा सोडून द्यायचे. ती कुमरी.

हे इंग्रजांच्या जंगल खात्याला चालणार नव्हतं. त्यांना लाकूड हवं होतं आणि थंड हवेच्या गावाभोवती हिरवी झाडीही हवी होती. १८७८ चा जंगल कायदा आला. राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या. जिथं फांदी तोडणं हा रोजचा व्यवहार होता, तिथं तो गुन्हा झाला. महात्मा फुले मूळचे याच सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे. १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात शेतकऱ्यांची गायरानं आणि रानं गिळणाऱ्या जंगल खात्यावर ते चांगलेच बरसलेत. जरूर वाचा.

म्हणजे बघा, एकाच डोंगरावर एकाच काळात दोन गोष्टी चालू होत्या. साहेबाच्या टेबलासाठी परक्या मुलखातून आणलेला माणूस राबत होता. आणि इथल्या माणसाचं स्वतःचं शेत आक्रसत होतं.

मग आली स्ट्रॉबेरी. तीही इंग्रजांनीच आणलेली. आज देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातून येते. २०१० मध्ये 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. भिलार गाव तर आधी स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध आणि २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' म्हणूनही.

पण ती लाल गोड गोष्ट ताटात येईपर्यंत काय होतं, माहितीये? मातृरोपं परदेशातून येतात. खालच्या बाजूला, वाईकडे वगैरे, त्यांची रोपवाटिका करतात. रोपाला लांब धुमारे फुटतात, त्यांनाच रनर म्हणतात, आणि त्यातून नवी रोपं तयार होतात. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफे करून लागवड. वर प्लास्टिकचा कागद, खाली ठिबक. नोव्हेंबरच्या शेवटाला पहिली फळं. मग मार्च-एप्रिलपर्यंत रोज सकाळी कमरेत वाकून तोडणी. फळ इतकं नाजूक की बोट जोरात लागलं तरी डाग पडतो. अवकाळी पाऊस आला की सगळं मुसळ केरात.

आईला हे सगळं तोंडपाठ आहे, कारण माझे आजोबा दुसऱ्याच्या जमिनीत वाट्यानं स्ट्रॉबेरी करायचे. दहा-अकरा वर्षांची असताना आई टोपली घेऊन एसटी स्टँडवर उभी राहायची. आणि तिनं मला त्या टेबलावर बसून एक गोष्ट सांगितली, जी आजवर कधीच सांगितली नव्हती. "चांगलं फळ विकायला. आम्ही डागी खायचो. मोठं, अख्खं, लाल फळ मी पहिल्यांदा खाल्लं ते लग्नानंतर, पुण्यात. विकत घेऊन."

मी काही बोलले नाही. समोर सॅलड आलं होतं. त्यात चार स्ट्रॉबेरी होत्या, चारही मोठ्या. मी बशी तिच्याकडे सरकवली.

'फार्म टू टेबल' हा शब्द आपल्याकडे आता आलाय. ती लाट अमेरिकेत सुरू झाली. १९७१ मध्ये अ‍ॅलिस वॉटर्स या बाईंनी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत 'शे पनीस' नावाचं रेस्टॉरंट काढलं. आसपासच्या शेतकऱ्यांकडून ताजा माल घ्यायचा आणि त्या शेताचं नाव मेनूवर छापायचं, हे त्यांनी रुजवलं. ही टोमॅटोची फोड अमक्याच्या शेतातली, हे पीच तमक्याच्या बागेतलं. म्हणजे नाव लिहिणं हा त्या कल्पनेचा गाभाच होता. आपल्याकडे येताना दिवे आले, मातीची भांडी आली, किंमतही आली. नाव तेवढं राहून गेलं.

मी रेस्टॉरंटच्या विरोधात नाहीये, गैरसमज नको. बटाटा खरंच अप्रतिम होता. आणि शेतकऱ्याला मधल्या दलालाशिवाय गिऱ्हाईक मिळत असेल तर छानच. माझं म्हणणं एवढंच आहे की 'आमच्या शेतातून' असं लिहिलं की पुढचा प्रश्न विचारायला हवा. आमच्या म्हणजे कोणाच्या? या गावानं तो प्रश्न १८३० च्या दशकातही विचारला नाही.

तर, तो वेटर परत आला. जरा ओशाळलाच होता. म्हणाला, "काकू, मागं जो वाफा दिसतोय ना, तो फोटोसाठी आहे. त्यात फक्त पुदिना आणि थोडी पानं. बाकी माल आसपासच्या गावांतून येतो." मग आवाज खाली करून म्हणाला, "बटाटा आमच्याच घरचा आहे. वडील लावतात."

आईनं त्याचं गाव विचारलं. निघालं तिच्या माहेरापासून दोन गावं सोडून. मग काय, पुढची दहा मिनिटं कोणाची सोयरीक कुठं, कोणाचा मळा कुठं, यात गेली. दुसऱ्या टेबलावरचे लोक पाण्यासाठी हात वर करून थकले.

निघताना आई त्याला म्हणाली, "वडलांना सांग, बटाटा लई चांगला झालाय." तो म्हणाला, "सांगतो. त्यांना अजून कोणी असं सांगितलं नाही."

तर मंडळी, आजचं काम सोपं आहे. तुमच्या घरी आज जे शिजलंय त्यातली एक भाजी निवडा आणि ती कुठून आली ते विचारा. भाजीवाल्या मावशींना विचारा, मंडईत विचारा. जे कळेल ते आम्हाला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. आणि पावसाळ्यात महाबळेश्वरला गेलात तर चायनामन फॉलजवळ दोन मिनिटं थांबा. सोबत कोण असेल त्याला ही गोष्ट सांगा.

भेटू पुढच्या भागात. तोवर, पोटभर जेवा!