झाडाला टांगलेली कणीक

हात पिठाचे आहेत तसेच राहू द्या, धुवायला थांबू नका. डोळे उघडाल तेव्हा तुम्ही ऱ्हाइनच्या खोऱ्यातल्या स्ट्रासबर्ग शहरात असाल. साल 1605, महिना डिसेंबर. आधी दार लावून घ्या, वारा आत येतोय.

बैठकीच्या खोलीत फरचं झाड उभं आहे. त्यावर चमचमणारे गोळे नाहीत, दिव्यांची माळ नाही. रंगीत कागदाची गुलाबं आहेत, सफरचंदं आहेत, सोनेरी वर्ख आणि साखरेची मिठाई आहे. शिवाय दोऱ्याला बांधलेल्या पिठाच्या पातळ चकत्या आहेत. कुणा अनाम प्रवाशाने त्या साली ही यादी लिहून ठेवली, म्हणून तुम्हाला इथे येता आलं. नाहीतर लोक सणाला घरात काय टांगतात हे नोंदवून ठेवायची बुद्धी कुणाला होते?

चकती जवळून बघा. पातळसर पीठ दोन लोखंडी पात्यांच्या मध्ये दाबून विस्तवावर धरलं की ती तयार होते. चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात त्याच जातीची, पापुद्र्याएवढी जाड. नखाने टोक मोडलं तर कुर्र वाजेल. पण मोडू नका. झाडाभोवतीच्या पोरांनी कुठल्या फांदीवर किती आहेत ते मोजून ठेवलंय, आणि चोर तुम्हीच ठराल. या मुलखात पुढे रीत पडली ती अशी की सण सरला की झाड लुटायचं आणि हाती येईल ते खायचं. म्हणजे हे झाड शोभेचं कमी आणि खाऊचं जास्त. जानेवारीपर्यंत थांबायचं, एवढीच अट.

पुढची अडीचशे वर्षं भराभर उलटू. 1847 च्या सुमारास जर्मनीतल्या लाउशा गावचे काचकारागीर झाडासाठी काचेची फळं आणि गोळे फुंकू लागतात. 1848 मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडासकट चित्र छापून येतं आणि साहेबाच्या देशात घरोघरी झाड हवं होतं. याच काळात केव्हातरी कणकेत मूठ-मूठ मीठ पडू लागलं. उंदरांनी झाडावरचे दागिने कुरतडू नयेत म्हणून, असं सांगतात. खरं असेल नसेल, पण इतकं मीठ पडल्यावर उंदीरच काय, पोरंही तोंड लावत नाहीत. चकती टिकाऊ झाली आणि पानातून उठली.

आता दक्षिण भारताकडे वळा. 1890 च्या आसपासचं व्हाइटफील्ड. तुमच्या बंगळुरातल्या महादेवपुऱ्यापासून हे आज काही मेट्रो स्थानकांच्या अंतरावर आहे, पण तेव्हा बंगळूरहून आगगाडीने यायचं आणि स्टेशनावरून बैलगाडीने पुढे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी 1882 साली अँग्लो-इंडियन आणि युरेशियन लोकांच्या संस्थेला वसाहतीसाठी इथली जमीन दिली. संस्थेचे पुढारी डी. एस. व्हाइट, म्हणून गावाचं नाव व्हाइटफील्ड. मधोमध वर्तुळाकार मोकळी जागा आणि तिच्या कडेने कौलारू बंगल्या. ते वर्तुळ अजून आहे, ‘इनर सर्कल’ म्हणतात. आज तिथल्या कॉफीच्या दुकानांपुढे गाडी लावायला जागा शोधताना तुम्ही तेच वर्तुळ घालत असता.

एका बंगलीच्या मागच्या स्वयंपाकघरात चला. फर इथे कुठून येणार? कुणीतरी सुरूची फांदी तोडून मातीच्या कुंडीत रोवली आहे. टेबलाभोवती चार-पाच मुलं. मैदा, अंडं, नारळाचं दूध, साखर. आई कणकेच्या सुपारीएवढ्या गोळ्या करते आणि प्रत्येक मूल एकेक गोळी काट्याच्या पाठीवर ठेवून अंगठ्याने दाबत खाली ओढतं. गोळी स्वतःभोवती गुंडाळली जाते, अंगावर काट्याच्या दातांच्या रेघा उमटतात, आणि कुलकुल तयार. काटे पुरले नाहीत की नवी कोरी फणी चालते. गोव्यात, मंगळूरला, आपल्या वसईतही नाताळाच्या आधी हेच चाललेलं असतं. सगळ्यांत धाकट्याची गोळी काट्याला चिकटते. तो ती सोडवतो, पुन्हा चिकटते. शेवटी तो तिला नुसती मुठीत आवळून परातीत टाकतो. आईला ते दिसतं, पण ती काही बोलत नाही. तळल्यावर तोही घास कुरकुरीतच होणार आहे.

अंगठ्याची ती हालचाल नीट लक्षात ठेवा आणि सांगलीकडच्या एका माजघरात उतरा. साल 1970, वैशाख. घरात लग्न निघालंय. गव्हल्यांचा मुहूर्त झालाय आणि आळीतल्या बायका सुपं मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या आहेत. बारीक रवा दुधात घट्ट भिजवून कुटून मऊ केलाय. चिमटीत कणभर घेऊन अंगठा आणि तर्जनीत वळलं की दोन्ही टोकांना निमुळता गव्हला पडतो, थेट गव्हाच्या दाण्याएवढा. नखाने दाबून वळली की नखुली. मग मालत्या, मग बोटव्यांची पाळी. याची पुढे खीर व्हायची, आणि थोडे रंगवून रुखवतात मांडायचे. म्हणजे एकाच परातीतली कणीक, काही पोटात आणि काही शोभेला. यावर कुणी निबंध लिहीत नाही, कारण त्या बायकांना त्यात नवल वाटत नाही.

परकरातली एक आठ वर्षांची मुलगी शेवटच्या सुपाशी बसली आहे. तिचे गव्हले जाड होताहेत. काकू म्हणते, “अगं, गव्हले करायला सांगितलेत, शेंगा नव्हे.” मुलगी फुरंगटते, पण उठत नाही. याच मुलीला आषाढाच्या अमावास्येला तुम्ही पुन्हा भेटाल. तेव्हा ती गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेचे दिवे करत असेल. अंगठ्याने मध्ये खळगा, कडेला वातीसाठी चिमटा, की मग मोदकपात्रात. ओवाळून झालं की तेच दिवे साजूक तुपाबरोबर खायचे. तिला नीट बघून ठेवा. पुढे तिच्याशी काम आहे.

आणि आता घरी. महादेवपुरा, डिसेंबर, शनिवार दुपार. 2007 पर्यंत इथे वेगळी नगरपालिका होती, मग महानगराने गिळली. 2023 पासून खिडकीबाहेरच्या खांबांवरून जांभळ्या मार्गाची मेट्रो धावते. सोसायटीच्या वरांड्यात नर्सरीतून आणलेलं कुंडीतलं अरोकेरियाचं झाड आहे. दागिने घरी करायचे असं व्हॉट्सॲपवर ठरलं आणि यजमानपद तुमच्या गळ्यात पडलं. तुमची दोन, समोरच्या फ्लॅटमधला कन्नड मुलगा, वरच्या मजल्यावरच्या बंगाली जुळ्या. मुलांची आपसातली भाषा इंग्रजी, हिंदी आणि कन्नड यांची मिसळ आहे. “आई, मला अजून कणीक” एवढंच काय ते मराठी, आणि आज सगळेच ते म्हणताहेत.

प्रमाण सोपं आहे. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, आणि लागेल तसं पाणी, साधारण पाऊण ते एक वाटी. खडेमीठ नको, पृष्ठभाग खरबरीत होतो. गव्हाचं पीठ चालतं, पण भाजल्यावर रंग बिस्किटावर जातो. दहा मिनिटं मळा. कुणाच्या बोटाला खरचटलं असेल तर मीठ चुरचुरेल, म्हणून आधी विचारून घ्या. अर्ध्या सेंटिमीटरएवढं जाड लाटा. भोक स्ट्रॉने भाजण्याआधी पाडायचं आणि वाटतं त्याहून मोठं, कारण ते आवळतं. ओव्हन शंभर-सव्वाशे अंशांवर, दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटून. घाईने आच वाढवलीत तर फोड येतात. मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून रंग सुकल्यावर वॉर्निश हवंच. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ झालं की इथे दोन-दोन दिवस भुरभुर लागते, आणि वॉर्निश न केलेला तारा मऊ पडून खाली येतो. घरात कुत्रा असेल तर सगळं उंच टांगा. एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

ऑनलाइन मागवलेले साचे मी तरी बाजूला ठेवीन. तारा, घंटा, काठी, हरीण. मॉलच्या झाडावर हे सगळं आहेच, आणि नीटनेटकं आहे. साचे काढून घेतल्यावर पहिली पाच मिनिटं मुलं नुसती बसून राहतात, एक जुळी कणकेचा तुकडा चाटून “छी!” म्हणते, मग बाकीचे सगळे चाटून बघतात. त्यानंतर काम सुरू होतं. कन्नड मुलगा पाण्याचा टँकर करतो. चार चाकं, लांबट टाकी, मागे नळी. 2024 च्या उन्हाळ्यात या भागातल्या बोअरवेल आटल्या तेव्हा टँकर आल्याची हाक ऐकून तो गॅलरीत धावायचा, आणि अजूनही त्याच्या लेखी टँकर म्हणजे मोठा पाहुणा. जुळ्या मासा करतात, खवले स्ट्रॉच्या अर्ध्या टोकाने उठवतात. तुमचा थोरला मेट्रो करायला घेतो, तीन डब्यांनंतर कंटाळतो आणि तिचाच साप करतो.

धाकटी गणपती करते. तिचं काय चुकलं? हातात मऊ गोळा आला की त्याचा गणपती होतो हे ती दरवर्षी बघते. तुम्ही मात्र अडता. नाताळच्या झाडावर गणपती टांगावा का? सोसायटीच्या ग्रुपवर फोटो गेला तर? तुम्ही सोफ्याकडे बघता. तिथे आजी बसल्या आहेत, सांगलीहून महिनाभरासाठी आलेल्या, हातात मोबाइल. त्या चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, “टांगूच दे. पण सोंडेत भोक पाडू नकोस, मुकुटात पाड.”

ओव्हन लागतो. अजून दोन तास. पाचही जणांना आता कडकडून भूक लागली आहे, आणि समोर ताटभर कणीक असून त्यातलं काहीच खाता येत नाही, ही त्यांची तक्रार रास्त आहे. आजी उठून गॅसपाशी जातात. गूळ किसून पाण्यात विरघळवतात, गव्हाचं पीठ घेतात.

“आज दीप अमावास्या नाही हो,” तुम्ही म्हणता.

“पोरांना सांगू नकोस म्हणजे झालं.”

त्या पहिला दिवा करतात, अंगठ्याने खळगा, कडेला चिमटा, आणि मग मुलांच्या हातात गोळे देतात. हे दिवे जाड होताहेत, पण काकूंचं वाक्य त्या म्हणत नाहीत. वीस मिनिटांनी मोदकपात्राचं झाकण निघतं, ताटल्या पुढे येतात, खळग्यात तूप ओतलं जातं. टँकरवाल्याच्या ताटलीत मात्र तूप खालून वाहत सुटतं. टांगायला बरं पडेल म्हणून त्याने दिव्यालाही स्ट्रॉने भोक पाडून ठेवलंय.