नाताळाच्या जेवणाला जाताना हाती काय न्यावे?

डिसेंबरचा पंधरवडा उलटला की येडगाव, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यातील अनेक घरांत एक प्रश्न हमखास निघतो. घरातील कोणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात नोकरीला असतो, कोणी पुण्याच्या रुग्णालयात परिचारिका असते, कोणाची बदली नगरला झालेली असते. तेथील ख्रिस्ती सहकाऱ्याकडून किंवा शेजाऱ्याकडून नाताळाच्या जेवणाचे निमंत्रण येते. जायचे तर असते, पण न्यायचे काय? बारशाला झबले, वास्तुशांतीला आहेर, दिवाळीला फराळाचा डबा हे ठरलेले. नाताळाचे तसे काही ठरलेले नाही. मग वाटेतल्या बेकरीतून केक उचलला जातो आणि यजमानांच्या टेबलावर त्या दिवशी आलेल्या पाच-सहा केकांत आणखी एकाची भर पडते.

केक नेण्यात गैर काहीच नाही. मात्र दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ज्या घरी जायचे ते घर कोणत्या परंपरेतले आहे, एवढे जाणून घ्यावे. ख्रिस्ती कुटुंबे सगळी एका साच्यातली नसतात. ‘नाताळ’ हा शब्द मराठीत आला तो पोर्तुगीजांकडून. गोव्यातील कॅथलिक घरांत आजही या सणाच्या आगेमागे दोदोल, बेबिंक, नेवऱ्या, कुलकुल अशा पदार्थांची ताटे भरली जातात आणि ती शेजारीपाजारी, अन्यधर्मीयांच्या घरीही पोहोचवली जातात. या वाटपाला तेथे ‘कोन्सुआद’ म्हणतात. मंगळूरकडे त्याच फराळाला ‘कुस्वार’ असे नाव आहे. वसईच्या घरी फुगे तळले जातात. नगर आणि पुण्याकडील मराठी ख्रिस्ती घरांची गोष्ट आणखी वेगळी. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) १८३१ मध्ये सुरू झाले. या मिशनच्या छायेत वाढलेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांनी धर्म बदलला तरी स्वयंपाकघर बदलले नाही. नाताळाला त्यांच्याकडे करंज्या, शंकरपाळी, चकल्या, चिवडा, लाडू असा दिवाळीचाच थाट असतो. पाहुण्याने दिवाळीत उरलेल्या हौसेने चकल्यांचा डबा नेला, तर यजमानीणबाईंनी आदल्या रात्री जागून केलेल्या चकल्यांशेजारीच तो ठेवावा लागतो.

म्हणून पहिला नियम असा धरावा, की यजमानांच्या घरी त्या दिवशी जे हमखास असणार ते टाळावे, आणि आपल्या गावाकडचे, त्यांना सहज न मिळणारे काही न्यावे. या बाबतीत जुन्नर आणि आंबेगाव तालुके भाग्यवान म्हणायचे. मासवडी हे त्याचे उत्तम उदाहरण. नाव मासवडी असले तरी तीत मांस-मासळीचा अंशही नसतो. बेसनाच्या शिजवलेल्या पिठात तीळ, खोबरे, लसूण, कांदा यांचे सारण भरून ती वळली जाते. नाताळाच्या जेवणात मटण, कोंबडी, बिर्याणी यांची रेलचेल असते आणि शाकाहारी पाहुण्यांच्या वाट्याला पुष्कळदा नुसता भात-डाळ येतो. तेथे मासवडीचा डबा यजमानांची मोठीच सोय करतो. रस्सा वेगळ्या बरणीत न्यावा, वड्या कोरड्या ठेवाव्यात. पुण्यापर्यंतच्या दोन-अडीच तासांच्या प्रवासात त्यांना काही होत नाही. डिंकाचे लाडू हाही नामी पर्याय. ते थंडीचे खाणे आहे, आठवडाभर सहज टिकते आणि नाताळाच्या फराळात सहसा नसते. हुरड्याचा हंगाम साधला असेल तर कोवळ्या ज्वारीचा हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी पाहून शहरातला यजमान केकही बाजूला सारील.

द्राक्षांबाबत मात्र सावध असावे. येडगाव धरणाच्या पाण्यावर फुललेल्या बागांचा अभिमान रास्त आहे, पण तालुक्यातील द्राक्षहंगाम खऱ्या अर्थाने भरात येतो तो जानेवारीनंतर. नाताळाच्या सुमारास आगाप छाटणीचा माल क्वचित हाती लागतो, तोही चाखून पाहिल्याशिवाय नेऊ नये. आंबट द्राक्षांच्या पेटीपेक्षा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी किंवा चांगले पेरू कितीतरी बरे. टोमॅटोच्या पेटीचा मोह नारायणगावकरांनी आवरावा.

आता एक नाजूक बाब. घरी केलेला गोड पदार्थ आधी देवापुढे ठेवायचा आणि मग वाटायचा, ही अनेक मराठी घरांची सवय. काही ख्रिस्ती मंडळी नैवेद्य दाखवलेले अन्न खात नाहीत. याचे मूळ संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाविषयी तेथे सविस्तर चर्चा आली असून, निरनिराळ्या पंथांनी आणि कुटुंबांनी तिचा अर्थ आपापल्या परीने लावला आहे. कोणी तो प्रश्न मनावरही घेत नाही, कोणी कटाक्षाने पाळतो. पाळणारा यजमान बहुधा तोंडाने काही बोलत नाही; ‘नंतर खातो’ म्हणून वाटी बाजूला ठेवतो आणि दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे होते. यावरचा उपाय सोपा आहे. न्यायचा पदार्थ नैवेद्यापूर्वीच वेगळा काढावा, आणि देताना ‘घरी केलेले लाडू आहेत’ एवढे सहज सांगावे. देवस्थानाचा प्रसाद, अंगारा, सत्यनारायणाचा शिरा या भेटी नाताळाला नेऊ नयेत. त्यामागे दुजाभाव नाही, समोरच्याला पेचात न टाकण्याचा विवेक आहे.

धार्मिक वस्तूंचेही असेच. भेटवस्तूंच्या दुकानांत या दिवसांत येशूची चित्रे, मरियेच्या मूर्ती, क्रूस यांची गर्दी असते आणि ख्रिस्ती घरी हेच न्यावे असे साहजिकच वाटते. कॅथलिक घरात मूर्तींना स्थान असते. अनेक प्रोटेस्टंट पंथ मात्र मूर्ती ठेवत नाहीत. तेथे मरियेची मूर्ती नेणे म्हणजे वारकऱ्याच्या घरी कोंबडीचा मसाला भेट देण्यासारखे. खात्री नसेल तर मेणबत्त्या, कुंडीतले फुलझाड किंवा ताजी फुले न्यावीत. नाताळाच्या सुमारास लाल होणारे पॉइनसेटियाचे झाड पुण्याकडील रोपवाटिकांत मिळते. त्याचा चीक त्वचेला त्रासदायक असल्याने लहान मुले असलेल्या घरात ते उंचावर ठेवण्यास सांगावे.

मद्याचा विषय या तालुक्याला अगदीच परका नाही. नारायणगावच्या इंडाज कंपनीने १९८०च्या दशकात द्राक्षांपासून फेसाळ वाइन तयार करून ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी पाठवली होती. पुढे ही कंपनी आर्थिक अडचणीत सापडली, तरी वाइन आणि नारायणगाव ही सांगड अनेकांच्या स्मरणात आहे. ख्रिस्ती घर म्हणजे बाटली चालणारच, ही समजूत मात्र साफ चुकीची. गोव्याच्या किंवा वसईच्या घरी घरगुती वाइनचा पेला पुढे येईलही, पण अमेरिकन मिशनच्या परंपरेतील कित्येक मराठी कुटुंबांत मद्याला उंबरठ्याच्या आत प्रवेश नाही. तेथे बाटली काढून ठेवणाऱ्या पाहुण्याची फजिती होते आणि घरातील वडीलधाऱ्यांचे मन दुखावते ते वेगळेच. यजमानांना आधी विचारल्याशिवाय बाटली नेऊ नये. गोव्याच्या सहलीवरून आणलेली तर नाहीच नाही. परवान्याविना ती महाराष्ट्रात बाळगणे हा गुन्हा आहे.

केकच न्यायचा ठरला तर सुकामेव्याचा प्लम केक न्यावा. क्रीमचा केक पुणे-नाशिक महामार्गावरच्या उन्हात आणि वाहतूक कोंडीत टिकत नाही. केकात अंडे असते, काहींत रमही असते, हे पाहुण्याने आणि यजमानाने दोघांनीही ध्यानात ठेवावे. केरळी ख्रिस्ती कुटुंबाचे आमंत्रण २५ डिसेंबरच्या आधीचे असेल तर आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. तेथील अनेक पंथांत १ डिसेंबरपासून नाताळापर्यंत २५ दिवसांचे व्रत असते आणि ते पाळणारे मांसाहार टाळतात.

ग्रंथभेट ही या सणाला शोभणारी, पण फारशी कोणाला न सुचणारी भेट. मराठी भाषेचा आणि ख्रिस्ती समाजाचा संबंध जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरला निघाले. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ तर मराठी आत्मचरित्रांत अग्रभागी मानले जाते. ज्याच्या घरी ते नसेल त्याला द्यावे आणि असेल तर त्याच्या मुलीला द्यावे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले आणि ज्यांचे २०२४ मध्ये निधन झाले, त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला आहे. मुलांसाठी रंगपेटी, गोष्टींची पुस्तके, बैठे खेळ पुरेसे होतात. पाकिटात एकशे एक रुपये घालून यजमानांच्या हाती देण्याची रीत मात्र येथे नको. नाताळ हा आहेराचा प्रसंग नव्हे.

ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तेथील नाताळ वेगळा असतो. गोव्यात अशा घरी त्या वर्षी गोडधोड केले जात नाही. शेजारच्या घरांतून ताटे येतात. मराठी हिंदू घरांतही सुतकानंतरच्या पहिल्या सणाला हाच शिरस्ता अनेक ठिकाणी आहे, त्यामुळे येथे पाहुण्याला नवे काही शिकावे लागत नाही. निमंत्रणाची वाट न पाहता जावे. चकचकीत वेष्टनातली भेट, फुगे, सांताक्लॉजच्या टोप्या घरी ठेवाव्यात आणि घरचा साधा डबा न्यावा. गेलेल्या माणसाचे नाव टाळू नये. त्या घराला त्या दिवशी ते नाव कोणाच्या तरी तोंडून ऐकायचे असते.

वेळेचेही भान हवे. २४ डिसेंबरची रात्र कॅथलिकांच्या मध्यरात्रीच्या मिस्साची, तर २५ची सकाळ बहुतेक चर्चमध्ये उपासनेची. न कळवता जायचे असेल तर २५च्या संध्याकाळनंतर किंवा नववर्षापर्यंतच्या आठवड्यात जावे. मांसाहार वा अंडे चालत नसेल तर ते निमंत्रण स्वीकारतानाच सांगावे, वाढलेल्या ताटावर बसून नव्हे. ‘काही आणू नका’ असे यजमान म्हणतीलच. ते सौजन्याचे वाक्य समजावे. मात्र ‘घरी साखर चालत नाही’ किंवा ‘फुलांची अ‍ॅलर्जी आहे’ असे कारण जोडून म्हटले असेल तर ते अक्षरशः घ्यावे.

परतताना यजमानीणबाई डबा रिकामा देणार नाहीत. त्यात कुलकुल किंवा केकचे तुकडे येतील. त्यांचाच डबा घरी आला तर तो संक्रांतीपर्यंत परत पोहोचवावा, अर्थात तिळगूळ भरून, आणि तोही देवापुढे ठेवण्याआधी वेगळा काढलेला.