फडफडत्या पंखांची विमाने

पक्षी, कीटक व वटवाघळे यांच्याप्रमाणे पंख हालवून उत्थापक प्रेरणा (यानाला वर उचलणारी प्रेरणा) आणि रेटा (पुढे ढकलणारी प्रेरणा) ही दोन्ही निर्माण करणारी याने. यांपैकी काही ग्रॅम वजनाची व बंदिस्त जागेत दूरनियंत्रणाने उडविता येणारी याने मुख्यतः १९९० नंतर विकसित झाली.

लिओनार्दो दा व्हींची यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस अशा यानांची रेखाटने केली होती. परंतु माणसाच्या स्नायूंची शक्ती त्यांना पुरेशी नव्हती. १७९९ साली सर जॉर्ज केली यांनी उत्थापनासाठी स्थिर पंख आणि रेट्यासाठी वेगळी योजना सुचविली. आधुनिक विमान या विभागणीतूनच निर्माण झाले. फडफडत्या पंखांची कल्पना मात्र लहान प्रतिकृतींत टिकून राहिली. आल्फाँस पेनो प्रभृती फ्रेंच संशोधकांनी १८७० नंतरच्या दशकात पीळ दिलेल्या रबराच्या शक्तीवर असे पक्षी उडविले.

महाराष्ट्रात शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत मानवरहित विमान उडविल्याचे सांगितले जाते. तथापि त्यास विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. या संदर्भात उल्लेखिल्या जाणाऱ्या वैमानिक शास्त्र या ग्रंथाची बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली तपासणी केली. हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा नसून त्यातील ‘शकुन’ (पक्षी) या नावाच्या विमानासह वर्णिलेले कोणतेही विमान उडू शकणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पक्ष्याचे नाव वा आकार घेतल्याने उड्डाण साधत नाही. त्यासाठी उड्डाणामागील तत्त्व उमगावे लागते.

स्थिर पंखांच्या सिद्धांताने कीटकांच्या उड्डाणाचा पूर्ण उलगडा होत नव्हता. १९९६ साली चार्ल्स एलिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंगाच्या पंखाच्या पुढील कडेवर हवेचा भोवरा तयार होतो व त्यामुळे उत्थापक प्रेरणा वाढते, असे दाखविले. याच सुमारास हलके विद्युत् घट व लहान चलित्रे उपलब्ध झाली. नेदर्लंड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात २००८ साली तयार झालेले ‘डेलफ्लाय मायक्रो’ हे यान १० सेंमी. रुंद व सु. ३ ग्रॅ. वजनाचे असून त्यावर कॅमेरा होता. अमेरिकेत २०११ साली गुंजन पक्ष्याच्या धर्तीवर बनविलेले १९ ग्रॅ. वजनाचे यान एका जागी तरंगू शकत असे. हार्व्हर्ड विद्यापीठातील माशीएवढे यान (२०१३) केवळ ८० मिग्रॅ. वजनाचे होते, मात्र त्याला वीज बाहेरून तारेने पुरवावी लागे.

वाऱ्याचा झोत अशा यानाच्या स्वतःच्या वेगाइतका असू शकतो. त्यामुळे त्यांच्या चाचण्या बहुधा घरातच घेतात. घटाच्या वजनामुळे उड्डाणकालही मर्यादित राहतो.

डेल्फ्ट येथील ‘डेलफ्लाय निंबल’ (२०१८) या २९ ग्रॅ. वजनाच्या शेपटीविरहित यानाने अभ्यासाची दिशा उलटविली. फळमाशी संकटातून निसटताना वेगाने कशी वळते, याची यंत्रणा या यानावरील प्रयोगांतून स्पष्ट झाली. निसर्गाचे अनुकरण अशा रीतीने निसर्गाच्याच अभ्यासाचे साधन झाले.