पाणी काढलेली शिदोरी



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण मित्राने विचारलं, "सर, मेळघाटात ट्रेकला जाताना आम्ही वाळवलेल्या जेवणाची पाकिटं नेतो. गरम पाणी ओतलं की खिचडी तयार. आपल्या पूर्वजांकडे असं काही होतं का?" त्या दिवशी आम्ही 'होतं की!' म्हणून वेळ मारून नेली. आज नीट उत्तर देतो.

अशा जेवणात दोन कामं आधीच उरकलेली असतात. एक, पाणी काढलेलं असतं. पालेभाजीच्या वजनात सुमारे ९० टक्के पाणीच असतं. ते गेलं की एक किलो मेथी मुठीत मावते. शिवाय जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला पाणी लागतं, म्हणून वाळलेलं अन्न टिकतं. दुसरं काम म्हणजे अग्नीचं. कच्ची डाळ वाळलेलीच असते, पण डोंगरावर ती शिजवायला वेळ आणि सरपण लागतं. तीच घरी शिजवून मग वाळवली, तर गरम पाण्यात थोड्या वेळात मऊ होते.

आता आपले पोहे पाहा. भात भिजवून, भाजून, कांडून केलेले. पाणी लावलं की खायला तयार. सुदाम्याने प्रवासात पोह्यांची पुरचुंडी नेली, यात गरिबी होती तसा व्यवहारही होता. कुरडई घ्या, गव्हाचा चीक शिजवून मग वाळवायचा. आणि आपला सातू! गहू ओलवून भाजायचा, फुटाण्याच्या डाळीबरोबर दळायचा. खाताना गुळाचं पाणी घातलं की झालं. शब्दही जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ७१ व्या सूक्तात, चाळणीने सातू चाळावा तशी विचारी माणसं वाणी चाळून घेतात, असा दृष्टांत आहे. पतंजलीने तो महाभाष्याच्या आरंभीच्या भागात घेतला. त्यांचा सातू जवाचा, आपला गव्हाचा. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण त्या ओळीतली चाळणी दिसली, सातूकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं.

म्हणजे विद्या जुनी आहे. पण इतिहासात तेवढं सांगून भागत नाही. शिदोरी हलकी झाली, तर तिचं वजन गेलं कुठे, हेही विचारावं लागतं.

१७२८ सालच्या फेब्रुवारीत पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडलं. निजामाजवळ जड तोफखाना होता, बाजीरावाजवळ वेगवान घोडदळ. अन्नपाणी मिळेना, तेव्हा निजामाने तह केला. बाजीराव घोड्यावर बसून हातावर कणसं चोळून दाणे खायचा, अशी आख्यायिका आहे. खरी असो-नसो, ती कणसं कुणाच्या तरी शेतातली होती. स्वाराची पिशवी हलकी राहिली, कारण वाटेवरच्या गावाची कणगी रिकामी झाली.

आता आपल्या गावाशी येऊ. १८०३ साली २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली. त्यानंतर आर्थर वेलस्ली अचलपुरात आला. इंग्रजी कागदांत 'एलिचपूर' म्हणतात ते हेच. जखमींसाठी इथे इस्पितळ उघडलं आणि ७ डिसेंबरला फौजा गाविलगडाकडे निघाल्या. स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून वाट काढत गडाची उत्तर बाजू गाठली. त्या वाटेने तोफा आणि सामान सैनिकांनी हातांनी ओढून नेलं. १५ डिसेंबरला गड पडला. पुस्तकं इथे तोफांबद्दल आणि शौर्याबद्दल बोलतात. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात मात्र तांदूळ, बैल आणि बंजाऱ्यांचे तांडे हा विषय पुन्हा पुन्हा येतो. बंजारे आपल्या बैलांवर धान्य लादून, बायकालेकरांसह फौजेमागे चालत. वजन नाहीसं झालं नव्हतं, ते बैलाच्या आणि बंजाऱ्याच्या पाठीवर होतं.

आमच्या घरीही तेच होतं. चैत्र-वैशाखात धाब्यावर धोतरं अंथरून आई मुंगवड्या घाले. खारोड्या, सरगुंडे, मेथीची पानं, वांग्याच्या फोडी, सगळं त्या उन्हात वाळायचं. आमच्याकडे काम एकच, कावळे हाकलायचं. पावसाळ्यात भाजी नसली की तेच ताटात यायचं आणि प्रवासाला निघालं की सातूची पुरचुंडी मिळायची. आईच्या हातांना चटके बसत, हे आम्ही पाहिलं होतं. त्याला विद्या म्हणावं, हे मात्र सुचलं नाही.

त्याची शिक्षाही मिळाली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही काही विद्यार्थ्यांना चिखलदऱ्याहून गाविलगडावर नेलं. दिवस मे महिन्याचे. सातू, फुटाणे, गूळ भरपूर घेतला, ओझं नको म्हणून पाणी मोजकंच. दुपारपर्यंत ते संपलं. कोरडा सातू घशाखाली उतरेना. एका विद्यार्थ्याला भोवळ आली, त्याला दोघांनी धरून खाली आणलं. मुलगा बरा झाला, पण चूक आमची होती. घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, "सातू देला होता, पाणी कोन देनार होतं?"

या प्रश्नापुढे आमची पदवी फिकी पडली. अन्नातून पाणी काढता येतं, खाणाऱ्याची तहान काढता येत नाही. गडावर तळी आहेत, कारण गड बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

पुढे याच विद्येला प्रयोगशाळा मिळाली. म्हैसूरला १९६१ मध्ये संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. उंच बर्फाळ ठाण्यांवरच्या जवानांसाठी तिथे हलकं, टिकाऊ अन्न तयार होतं. त्याची नोंद राहते. धाब्यावरच्या वाळवणाची राहत नाही. मेळघाटात कोरकू बाया मोहाची फुलं वेचून वाळवतात, त्याचीही फारशी नाही.

तेव्हा, त्या तरुण मित्राला आमचं उत्तर असं. पाकीट जरूर न्या. जमलं तर घरीच करा: मुगाची खिचडी कमी तेलात शिजवा, पातळ पसरून कडक वाळवा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर आतल्या वाफेने बुरशी धरते. वाटेवर पाणी कुठे आहे ते आधी विचारा आणि पिण्याचं वेगळं न्या. आणि निघण्यापूर्वी घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. कोणती भाजी किती उन्हं खाते, सावलीत काय वाळवायचं, हे तिच्या नावासकट लिहून ठेवा. आमच्या आईजवळ आम्ही वही घेऊन कधी बसलो नाही. तिच्या मुंगवड्यांचं प्रमाण आज आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही.