लेकॉक ॲबी

लेकॉक ॲबी ही इंग्लंडच्या विल्टशायर काउंटीतील लेकॉक या गावातील ऐतिहासिक वास्तू आहे. मूळच्या ख्रिस्ती मठाचे सोळाव्या शतकात निवासी वाड्यात रूपांतर झाले. तरीही मठाचा बराच भाग आजही टिकून आहे.

इतिहास

सॅलिसबरीची काउंटेस एला हिने १२३२ मध्ये ऑगस्टिनियन पंथाच्या जोगिणींसाठी हा मठ स्थापन केला. राजा आठव्या हेन्रीने देशातील मठ बरखास्त केले, तेव्हा १५३९ मध्ये हा मठही बंद पडला. पुढे सर विल्यम शॅरिंग्टन याने तो विकत घेतला. कालांतराने मालकी टॅलबॉट घराण्याकडे आली. मॅटिल्डा टॅलबॉट यांनी १९४४ मध्ये ही वास्तू नॅशनल ट्रस्टला दान केली.

वास्तुरचना

शॅरिंग्टनने मठाचे चर्च पाडले. मात्र चौकाभोवतीच्या कमानदार ओवऱ्या व त्यांलगतची दालने राखून वरच्या मजल्यावर निवासाची सोय केली. त्यामुळे तळमजला मध्ययुगीन मठाचा आणि वरचा मजला वाड्याचा, अशी रचना निर्माण झाली. आग्नेय कोपऱ्यातील अष्टकोनी मनोराही त्यानेच बांधला. १७५० च्या दशकात सँडरसन मिलर याच्या आराखड्यानुसार गॉथिक पुनरुज्जीवन शैलीतील मोठा दिवाणखाना उभारण्यात आला. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट याने १८२७ ते १८३० या काळात दक्षिण दर्शनी भागात भिंतीबाहेर आलेल्या खिडक्या बसवल्या. त्यांपैकी मधल्या जाळीदार खिडकीचे त्याने ऑगस्ट १८३५ मध्ये घेतलेले छायाचित्र हे जगातील उपलब्ध सर्वांत जुने निगेटिव्ह मानले जाते.